ऑनसेनला जाताय? या चुका टाळा, आणि झालीच एखादी तर काय करायचं ते पण वाचा

जपानच्या टूरमध्ये हल्ली एक रात्र तरी र्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीत, असतेच, तातामीच्या म्हणजे गवती चटयांच्या खोल्या, जमिनीवर गाद्या आणि खाली ऑनसेन, गरम झऱ्याचं पाणी. भरपूर पैसे मोजून लोक जातात आणि निम्मे जण त्या पाण्यात उतरतच नाहीत, कारण लाज वाटते किंवा काहीतरी चुकेल अशी भीती वाटते. मला याचं खरंच वाईट वाटतं. नियम खूप आहेत असं वाटतं पण बहुतेक सगळे एकाच गोष्टीतून आलेत, ते पाणी सगळ्यांचं आहे आणि ते अंग धुवायला नाहीच आहे.

त्यामुळे सगळ्यात मोठी चूक म्हणजे कपडे काढले आणि थेट कुंडात उतरलो. आपल्याला वज्रेश्वरी-गणेशपुरीची सवय, कुंडातच अंघोळ, तीही कपड्यांसकट. इथे अंघोळ आधी बाहेर पूर्ण करायची. भिंतीला ओळीने नळ, शॉवर, आरसे आणि बुटकी स्टुलं असतात, त्या स्टुलावर बसायचं, उभं राहून शॉवर घेतला की शेजारच्यावर पाणी उडतं. साबण शाम्पू तिथेच ठेवलेला असतो, स्वच्छ घासून अंघोळ करायची, साबणाचा एक थेंब अंगावर राहता कामा नये, मग स्टूल धुऊन जागेवर ठेवायचं आणि मगच पाण्याकडे जायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे, केस पाण्याला लागलेले अजिबात चालत नाहीत. छोटा टॉवेल मिळतो तो पण पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा किंवा काठावर. चुकून पडला पाण्यात तर घाबरू नका, उचला, बाहेर नेऊन पिळा, कुंडात पिळू नका. आणि परत कपडे बदलायच्या खोलीत जाण्याआधी त्याच टॉवेलने अंग पुसून घ्यायचं, तिथली जमीन ओली झालेली कोणालाच आवडत नाही.

स्विमसूट चालत नाही, अगदी मोजकी ठिकाणं सोडली तर. पुरुष आणि बायकांची कुंडं वेगळी असतात, दारावर पडदा असतो, साधारण निळा पुरुषांचा आणि लाल बायकांचा. पण इथे एक गंमत, बऱ्याच र्योकानमध्ये रात्री नाहीतर पहाटे हे पडदे अदलाबदल करतात म्हणजे सगळ्यांना दोन्ही कुंडांचा आनंद मिळावा. त्यामुळे काल रात्री डावीकडे गेलो होतो म्हणून सकाळी झोपेत डावीकडे शिरायचं नाही, दर वेळी पडदा बघायचा. पडद्यावर पुरुष आणि बाई यांची जपानी अक्षरं असतात, त्या दोन्ही अक्षरांचा फोटो आधीच पाहून पाठ करा, कारण फोन आत न्यायचाच नसतो.

आता लाजेचं. काशिकिरी म्हणजे तासाभराकरता फक्त तुमच्यासाठी राखून ठेवलेलं कुंड, नवरा-बायको, आई आणि लेक, कुटुंब असं जाता येतं. बुकिंग करतानाच विचारा, आपल्या लोकांसाठी मी तरी हाच उपाय पहिला सांगेन. टॅटूचा प्रश्न पण यानेच सुटतो. तिथे टॅटू म्हणजे याकुझा, गुन्हेगारी टोळ्या, हे समीकरण लोकांच्या डोक्यात अजून आहे आणि बऱ्याच ठिकाणी नाही म्हणतात, २०१३ मध्ये होक्काइदोत न्यूझीलंडहून आलेल्या एका माओरी बाईंना हनुवटीवरच्या पारंपरिक गोंदणामुळे प्रवेश नाकारला होता आणि त्यावर खूप चर्चा झाली. म्हणजे आजीच्या हातावरचं गोंदणसुद्धा आधी विचारून घ्यायची गोष्ट आहे. लहान असेल तर कातडीच्या रंगाचे स्टिकर मिळतात. नाहीतर ह्योगो प्रांतातलं किनोसाकी बघा, तिथल्या सातही सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, आणि युकाता म्हणजे सुती झगा घालून, लाकडी गेता म्हणजे खडावांसारख्या चपला वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात चालत जाणं हाच तिथला कार्यक्रम असतो.

पाणी साधारण ४०-४२ अंश असतं. गरम लागतं म्हणून कोणाला न विचारता गार नळ सोडणं ही पण चूकच. गुन्मा प्रांतात कुसात्सु म्हणून गाव आहे, तिथे झऱ्याचं पाणी ५० अंशांच्या वर येतं, तरी गार पाणी मिसळायचं नाही कारण खनिजं पातळ होतात, म्हणून लांब लाकडी फळ्यांनी पाणी घुसळून घुसळून गार करायची पद्धत पडली, त्याला युमोमी म्हणतात आणि आजही गाणी म्हणत करून दाखवतात. तुम्ही एवढंच करा, आधी हातपायांवर, मग खांद्यावर लाकडी भांड्याने पाणी ओतून घ्या, हळूहळू उतरा, पाच-दहा मिनिटांनी बाहेर. डोकं हलकं झालं, छातीत धडधडलं तर झटकन उभं राहू नका, काठावर बसा, पाय बाहेर घ्या, मग पाणी प्या. दारू पिऊन जाऊ नका, जेवल्या जेवल्या जाऊ नका, बीपी किंवा हार्टचा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

बायकांसाठी खास, चांदी काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात पैंजण, जोडवी काळीठिक्कर पडतात. पडलीच तर खाण्याचा सोडा, अॅल्युमिनियम फॉइल आणि गरम पाणी यात बुडवून बऱ्यापैकी उजळतात, पण खडे असतील तर हा प्रयोग करू नका, सोनाराकडेच द्या. कुसात्सुचं पाणी तर चांगलंच आम्लधर्मी आहे, नाजूक कातडी असेल तर शेवटी साध्या पाण्याने अंग धुवा. बाकी ठिकाणी बरेच जण धूत नाहीत, खनिजं अंगावर राहू देतात.

युकाता घालताना उजवी बाजू आधी आत, डावी तिच्यावर. पुरुष असो की बाई, हेच. उलटं नेसवतात ते प्रेताला, म्हणून कोणीतरी म्हातारी बाई लगबगीने येऊन तुमचा युकाता नीट करायला लागली तर रागावू नका, तिला ते बघवत नसतं. बायकांच्या शर्टाची बटणपट्टी उलटी असते त्यामुळे आपल्या बायकांचं हे हमखास चुकतं. खात्री करायची तर उजवा हात गळ्याच्या घडीत घालून बघा, सहज आत गेला म्हणजे बरोबर. सेल्फीवरून मात्र ठरवू नका, त्यात डावं-उजवं फिरलेलं असू शकतं.

बूट दारातच काढायचे, तातामीवर स्लिपर पण नाही, संडासात वेगळ्या स्लिपर आणि त्या तिथेच सोडून यायच्या. सुटकेस चाकांवर ओढू नका, तातामी गवताची असते, तिच्यावर चरे पडतात. भिंतीत जो कोनाडा असतो, चित्र आणि फुलं ठेवलेला, तो सामान ठेवायला नाही. कोणाच्या घरी राहत असाल तर टबातलं पाणी सोडू नका! घरातले सगळे त्याच पाण्यात पाळीपाळीने बसतात, पाहुण्याला मान म्हणून पहिला नंबर देतात, आणि पाहुण्याने बूच काढलं की सगळं परत भरून तापवायचं.

सगळ्यात जास्त हाल जेवणाचे होतात. र्योकानचं जेवण ठरलेल्या वेळी असतं, सहा-सातला, उशीर होणार असेल तर फोन करायलाच हवा. तांबड्या चॉपस्टिक्स असोत की साध्या, घास एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये द्यायचा नाही, दहनानंतर अस्थी अशाच उचलतात. आणि शाकाहारी मंडळींनी नुसतं व्हेज असं लिहून भागत नाही. सूप, उकडलेली भाजी, तोफूवरचा रस, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठीचा मूळ रस (स्टॉक), असते आणि ती बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाची. बुकिंग करतानाच स्पष्ट लिहा की मांस, मासा आणि माशाची दाशी नको, आयत्या वेळी ताटासमोर बसून सांगितलं तर स्वयंपाकघर काहीच करू शकत नाही. नाही म्हणाले तर जेवणाशिवायची खोली घ्या. किंवा सरळ कोयासानला जा, वाकायामातल्या डोंगरावर कुकाई या भिक्षूने ८१६ मध्ये सुरू केलेलं स्थान, तिथल्या मंदिरांत राहता येतं आणि शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण, मिळतं, कांदा-लसूण पण नसतो, दाशी कोंबू या समुद्री शेवाळाची आणि शिताके मशरूमची. फक्त तिथे जेवण आणखी लवकर असतं, साडेपाच-सहाला, त्यामुळे ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई लाइन आणि शेवटी केबल कार धरून पाचच्या आत पोचायचा हिशेब ठेवा.