जुने अनुस्वार: या चुका टाळा

'नाहीं', 'कांहीं', 'करणें' पाहून ज्यांना छपाईच्या चुका दिसतात, त्यांनी कृपा करून जुना मजकूर टाइप करायला घेऊ नये. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली लागू झाले आणि उच्चारात न उरलेले अनुस्वार गेले. त्याआधी हेच शुद्ध होतं.

सर्वांत महागात पडते ती 'फाइंड-रिप्लेस'ची चलाखी. एका संस्थेच्या स्मरणिकेत जुने लेख नव्या लेखनात द्यायचे होते. एका उत्साही मुलाने सगळीकडचं 'ें' काढून 'े' केलं, मग 'ीं'चं 'ी'. पाच मिनिटांत काम फत्ते! मुद्रितं आली तेव्हा 'केंद्र' झालं होतं 'केद्र', 'मेंदू' झाला होता 'मेदू'. हे निदान डोळ्यांना खुपतं तरी. खरा घात 'गोष्टींचा'चं 'गोष्टीचा' झालं तिथे होता: अनेकवचनाचं एकवचन, वाक्य मात्र दिसायला धडधाकट. अशा जागा कुठलाही स्पेलचेकर पकडत नाही. शेवटी मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडावी लागली. मी तर पहिल्यापासून तसंच करतो, आणि 'किती वेळ लागतो हो!' म्हणणाऱ्यांना दुसरं काम देतो.

उलटी चूक हौशी मंडळींची. जुना बाज यावा म्हणून मिठासारखे अनुस्वार भुरभुरायचे: 'आंबें पिकलें'! जुन्या लेखनात तळें, केळें यांवर अनुस्वार यायचा तो नपुंसकलिंगामुळे; घोडे, आंबे या पुल्लिंगी अनेकवचनांवर नाही. 'तें गेलें' म्हणजे एक वस्तू, 'ते गेले' म्हणजे माणसं. 'मीं केलें' पण 'मी गेलों', कारण पहिला 'मीं' तृतीयेचा. मी शब्दाआधी 'तें' लावून बघतो. बसलं तरच टिंब.

काही टिंबं व्युत्पत्तीची. ग्रामचं गांव, पंचचं पांच, दंतचं दांत. हात आला हस्तवरून, तेव्हा 'हांत' लिहू नका.

'अितिहास', 'अुपाय' दिसलं तर सुधारू नका. ती सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी आहे (इ, उ ऐवजी अ-लाच वेलांटी, उकार), छपाईच्या खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी. अवतरणात जशीच्या तशी ठेवा.

आणि 'दुसर्या' नव्हे, 'दुसऱ्या'. कळफलकावर ऱ वेगळा असतो, तो शोधायचे कष्ट घ्या. नाहीतर आचाऱ्यांना द्यायचं मानधन आचार्यांना जातं.