नवा कामगार घेताना ओळख आणि वय कसं तपासावं

आधारची झेरॉक्स फाइलला लावली की पडताळणी झाली, असं सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यांपासून शिलाई युनिटपर्यंत सर्रास सांगितलं जातं. हे ऐकू नका. झेरॉक्सवर काहीही छापून आणता येतं.

मूळ कार्ड मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्याच (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) ॲपने स्कॅन करा. स्क्रीनवर आलेलं नाव, जन्मतारीख आणि फोटो समोरच्या माणसाशी ताडून पाहा. पॅन, पासबुक आणि सध्याचा पत्ता त्याच बैठकीत उरका.

खरी कसोटी वयाची. मलाही सुरुवातीला सगळ्यात जास्त अडचण इथेच यायची. आधार ओळखीसाठी ठीक, वयासाठी नाही. पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांमधून ते वगळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही वयासाठी शाळा सोडल्याचा दाखलाच जास्त ग्राह्य धरला. कितीतरी कार्डं तोंडी सांगितलेल्या तारखेवर निघालेली आहेत. नुसतं साल किंवा १ जानेवारी दिसलं, तर ती तारीख अंदाजाची असू शकते असं धरून चाला. १ जूनचं वेगळं आहे. ती बहुतेक वेळा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली असते. दाखल्यावरही तीच असेल तर धरायला हरकत नाही.

म्हणून दाखला मागाच. विजयपूर-कलबुर्गीकडच्या मुलाचा तो कन्नडमध्ये असेल, तर वाचणारं माणूस सोलापुरात शोधावं लागत नाही. दाखला नसेल तर महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. दोन्ही नाहीत आणि मूल लहान दिसतंय, तर कामगार आणून देणारा जॉबर शपथ घेऊन सांगो की बाप स्वतः येवो, कामावर घेऊ नका. १४ वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावणं गुन्हा आहे, १४ ते १८ वयाच्यांना धोकादायक काम देता येत नाही. शिक्षा सहा महिने ते दोन वर्षं कैद, २० ते ५० हजार दंड किंवा दोन्ही. पण दंडाच्या आधी त्या पोराच्या बोटांचा विचार करा.

नावाचा घोळ इथे ठरलेला. आपल्याकडच्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे आधार, पॅन आणि पासबुकावर एकाच बाईची तीन नावं सापडतात. रजिस्टरमध्ये परस्पर दुरुस्ती करू नका. पीएफला आधारवरचंच नाव जातं. आधारवरच चूक असेल तर आधी दाखला हातात घ्या, मग केंद्रावर पाठवा. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते.

पूर्वी पीएफ कापला जात होता का, हे विचारा. जुना यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) असेल तर तोच चालवा, दुसरा काढू नका.

प्रतींवर ‘फक्त नोकरीसाठी’ लिहून तारीख आणि सही घ्या. मूळ कागद तिथल्या तिथे परत द्या. कामगार सोडून जाऊ नये म्हणून दाखला कपाटात अडकवून ठेवणं मला अजिबात मान्य नाही.