गळा आहे, पाय चालतात, तरी ऑडिशनला अडतं: म्युझिकल थिएटर शिकायला निघालात तर या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात दादरच्या एका तालमीच्या हॉलमध्ये ऑडिशनला मी पेटीवर होते. डोंबिवलीहून आलेली एकोणीस वर्षांची एक मुलगी गळकी छत्री दाराशी ठेवून उभी राहिली. गळा असा, की पहिल्या ओळीलाच टेबलामागच्या तिघांनी चहाचे ग्लास खाली ठेवले. विशारद झालेली, पेटीच्या काळी चार या पट्टीत गाणारी. गाणं तिनं एका इंग्रजी म्युझिकलमधलं आणलं होतं आणि तेही आपल्या सवयीच्या काळी चारमध्ये बसवलं होतं. असल्या गाण्यांत शेवटच्या कडव्याआधी पुष्कळदा षड्जच, म्हणजे मूळ सा, अर्ध्या सुरानं वर सरकतो. मी काळी चारवरून पांढरी सहावर गेले. ती होती तिथंच राहिली. पुढच्या चार ओळी आम्ही दोघी चाळीतल्या दोन वेगळ्या खोल्यांत असल्यासारख्या चाललो होतो. मग ती थांबली. "सॉरी ताई, मी सूर सोडला का?"

तिनं सूर सोडला नव्हता, अडचण तीच होती. दहा वर्षं तानपुऱ्याजवळ बसून तिला एकच शिकवलं होतं, की जग इकडचं तिकडं झालं तरी सा सोडायचा नाही. म्युझिकल थिएटरमध्ये, म्हणजे गाणं, नाच आणि अभिनय एकत्र असलेल्या नाटकात, तानपुराच मधे उठून चालायला लागतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि ती सहा महिने पैसे भरून एका 'म्युझिकल थिएटर कोर्स'ला जात होती! तिथं पेटी नव्हती, कीबोर्ड नव्हता. स्पीकरवर ट्रॅक लावायचे आणि त्यावर गायचं. ट्रॅकमध्ये मूळ गायिकेचा आवाज दबक्यानं चालू असतो. षड्ज सरकला की तो आवाज तुम्हाला बोट धरून नेतो आणि आपल्याला जमलं असं वाटतं.

म्हणून क्लास बघायला गेलात की आधी हे बघा: खोलीत हातानं वाजवणारं माणूस आहे का? पियानो असो, कीबोर्ड असो, अगदी पेटी असो. साथीला माणूस नसेल तर फी कितीही कमी असली तरी ती जास्त आहे.

ज्यांची गाडी या षड्जावरच अडते, त्यांच्यासाठी घरचा उपाय. तानपुरा बंद करा. चार ओळींचं एक कडवं घ्या. पहिली ओळ काळी एकमधून, दुसरी पांढरी दोनमधून, तिसरी काळी दोनमधून, असं अर्धा-अर्धा सूर चढत म्हणा. नवा षड्ज पेटीवर एकदाच दाबा आणि हात काढून घ्या. पंधरा दिवस चिडचिड होते, महिन्याभरात कान सैल होतो. शास्त्रीय बिघडेल अशी भीती गुरुजींना वाटते. माझ्या पाहण्यात तरी कुणाचं बिघडलेलं नाही.

तीन क्लास लावले, जोड कुणीच शिकवला नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती पालक फार प्रेमानं करतात. सोमवार-गुरुवार गाणं, मंगळवार-शुक्रवार कथक, शनिवारी नाट्यशिबिर. मुलगी तिन्हीकडे पहिली. पण ऑडिशनला तिला सांगतात, की बत्तीस मात्रांचा हा नाच करत पुढे ये, शेवटच्या पावलावर वळ आणि श्वास न दाखवता गाणं उचल. तिथं तिन्ही क्लास एकमेकांची ओळख नसल्यासारखे उभे राहतात. या धंद्यात पैसे मिळतात ते जोडकामाचे, आणि ते तिन्ही क्लासांच्या वेळापत्रकात कुठेच नसतं.

संस्थेला हेच विचारा: आठवड्यात गाणं, नाच आणि अभिनय एकाच तासात एकत्र असे किती तास? उत्तर गोलगोल आलं तर समजा, की तुम्ही तीन क्लासांची फी एका पावतीवर भरताय.

मी मुलांना जिना सांगते. घर तिसऱ्या मजल्यावर असेल तर उत्तम, नाहीतर स्टेशनचा पूल आहेच. खालून ओवीसारखी साधी ओळ गात चढायचं, पायरी न चुकवता, ओळ न तोडता. वर पोचलात की थांबायचं नाही, लगेच दोन वाक्यं बोलायची, समोर कुणीतरी उभं आहे असं समजून. पहिल्या आठवड्यात वाक्यं धापेनं फुगलेल्या आवाजात येतात. फुगलेला आवाज कमी झाला की श्वास जागेवर आला. शेजारी हसतात, त्याला इलाज नाही.

नाचाबद्दल थोडक्यात. उशीर झाला म्हणून घाबरणारे चुकीची गोष्ट शिकत बसतात. ऑडिशनला तुमच्या येणाऱ्या नाचाला फारसं कुणी विचारत नाही. न येणारा नाच दहा मिनिटांत उचलता येतो का, हे बघतात. म्हणून रोज एक नवा तुकडा उचलायचा आणि दुसऱ्या दिवशी सोडून द्यायचा.

गाणं 'सादर' करणं

आपल्याकडे 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हापासून नाटकात गाणं हे मराठी माणसाला नवं नाही. त्याचा मोठा फायदा आमच्या मुलांना मिळतो: शब्द गिळत नाहीत, शेवटच्या रांगेपर्यंत नेतात. पण एक खोडही वारशानं आलीय. पद सुरू झालं की पात्र बाजूला होतं, गवई पुढे येतो, नजर समोरच्या प्रेक्षकावर. वन्समोअरच्या काळात ते शोभत होतं. वन्समोअर घेतलेलं पद दुसऱ्यांदा गायलं तरी कथानकाला धक्का लागत नसे. आजच्या म्युझिकलमधलं गाणं मात्र पुन्हा घेताच येत नाही. पात्र गाण्यात शिरताना 'जाऊ की नको' अशा मनःस्थितीत असतं आणि गाणं संपताना त्यानं उंबरठा ओलांडलेला असतो.

परीक्षकांसमोर मुलं इथं हमखास गळतात. उपाय साधा आहे, करायला कंटाळवाणा. गाण्याचे शब्द चालीशिवाय, संवादासारखे बोलून बघा. प्रत्येक ओळ कुणाला म्हणतोय आणि ती म्हटल्यावर समोरच्यात काय बदललं, ते वहीत लिहा. ज्या ओळीपुढे काहीच लिहिता आलं नाही, तिथं तुम्ही नुसतं गाताय. 'संगीत देवबाभळी'चा प्रयोग पुन्हा कधी लागला तर बघून या. दोघीच नटी, प्रयोगात स्वतः गातात, आणि गाणं कुठे सुरू झालं ते कळत नाही. शंभर क्लासांत सांगून समजणार नाही ते दोन तासांत दिसतं.

नावाला भुलणं

मुंबईत आणि आसपास निव्वळ म्युझिकल थिएटरची पूर्ण वेळ पदवी शोधत बसलात तर दमाल. जे आहे ते काय देतं, एवढं ओळखा. मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्सची अकादमी कलिन्याला आहे. तिथला अभ्यासक्रम पदव्युत्तर आहे, म्हणजे बारावीनंतर थेट नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य एकाच आवारात आहेत, आणि माझ्या मते मराठी मुलासाठी ही मोलाची गोष्ट आहे. नाटकवाला संगीतवाल्यांच्या रियाजाच्या खोलीबाहेर नुसता बसला तरी शिकतो. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय तीन वर्षांचं, पदवीनंतरचं, आणि मुळात नटाचं शिक्षण; गळ्याची तयारी तुमची तुम्ही करायची. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या म्युझिकल थिएटरच्या ग्रेड परीक्षा इथं बसून देता येतात. त्या परीक्षा आहेत, शिक्षण नव्हे. परदेशी अर्जाला थोडा आधार होतो, इथल्या निर्मात्याला तो कागद दाखवू नका.

खासगी संस्थांच्या 'डिप्लोमा'बद्दल एकच. तो कुठल्या विद्यापीठाशी जोडलेला आहे ते लेखी मागा. जोडलेला नसला तरी शिक्षण चांगलं असू शकतं, पण मग घरी 'पदवी मिळणार' असं सांगून कर्ज काढू नका.

भिंतीवर लावलेल्या सिनेनटांच्या फोटोंकडे पाठ करून बसा. गेल्या तीन वर्षांत बाहेर पडलेल्यांपैकी दोघांचे नंबर मागा, आणि तिसरा स्वतः शोधा. त्या तिसऱ्याशी बोललेलं जास्त उपयोगी पडतं. वर्षअखेरचा प्रयोग तिकीट लावून होतो की पालकांपुढे, तेही विचारा. आईबाबा रडतातच. अनोळखी माणसानं तिकीट काढलं असेल तर तो दुसऱ्या अंकाला बसतो की उठतो, यातून खरं शिक्षण होतं.

परदेशी जायचं तर

तिकडच्या संस्था आधी व्हिडिओ मागवतात. तिथं आपली मुलं एक चूक ठरलेली करतात: चार मिनिटांचं अख्खं गाणं पाठवतात. अमेरिकी ऑडिशनमध्ये 'सोळा बार' किंवा 'बत्तीस बार' म्हणतात तेव्हा नेमकं किती, याचा हिशेब करून बघा. चार मात्रांचा एक बार, सोळा बार म्हणजे चौसष्ट मात्रा, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं. मिनिटाला एकशेवीसच्या लयीत ती बत्तीस सेकंदांत संपतात. ख्यालाला बसणारा माणूस तेवढ्यात नीट मांडीसुद्धा घालत नाही. तेव्हा गाण्यातलं ते अर्धं मिनिट निवडा, जिथं पात्राचं काहीतरी घडतं. सर्वात वरचा सूर लागतो म्हणून ती जागा निवडू नका.

दुसरं म्हणजे कागद. तिथला साथीदार 'पट्टी कोणती?' असं विचारत नाही, समोर ठेवलेलं नोटेशन वाजवतो. तुम्ही गाता त्याच पट्टीत छापलेलं, सुरुवात-शेवटाला खुणा केलेलं नोटेशन न्यावं लागतं. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, येत नसेल तर अर्ज करण्याआधी वर्षभर तेवढंच शिका.

आणि पालकांसाठी: अमेरिकेत नाटकाची पदवी घेतल्यावर काम करायची जी मुभा मिळते, तिला ओपीटी म्हणतात, ती बारा महिन्यांची असते. त्या बारा महिन्यांत ब्रॉडवेवर लागून घरकर्जाएवढं शैक्षणिक कर्ज फिटेल, असं गणित कुणी मांडून दाखवलं तर तो एजंट आहे.

पोटाचं काय?

मुंबईत बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, 2023 मध्ये नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर उघडलं, 'द साउंड ऑफ म्युझिक' आलं, आणि माझ्याकडे चौकशीचे फोन वाढले. पण असे दौऱ्यावरचे प्रयोग स्वतःचे नट बरोबर घेऊनच उतरतात. तिकीट इथं विकलं जातं, भूमिका इथं वाटल्या जात नाहीत. इथल्या कलाकारांना घेऊन उभी राहिलेली कामं वेगळी मोजा. फिरोज अब्बास खान यांचं 'मुघल-ए-आझम' 2016 मध्ये आलं, त्यात नट रंगमंचावर स्वतः गात होते. 'अलादीन' 2018 मध्ये इथल्याच कलाकारांसह झालं. अशी कामं येतात, भरपूर माणसं लागतात, मग मधे बराच काळ काहीच नसतं.

मराठी व्यावसायिक नाटकात पैसे 'नाईट'वर. प्रयोग झाला तर नाईट, पावसानं किंवा क्रिकेटनं प्रयोग मोडला तर घरी. म्हणून माझ्या ओळखीतली टिकलेली मुलं तुकड्यातुकड्यांनी जगतात: सकाळी आंतरराष्ट्रीय शाळेत वार्षिक नाटकाचं गाणं बसवायचं, दुपारी डबिंग, संध्याकाळी तालीम, शनिवार-रविवार बोरिवली ते ठाणे प्रयोग. शाळांचं काम नियमित आहे आणि ते शिकवणारं माणूस मिळत नाही अशी तक्रार मी सतत ऐकते. त्याला 'नाईलाज म्हणून शिकवणं' म्हणणाऱ्यांनी एकदा चाळीस मुलांचा कोरस एका सुरात आणून दाखवावा.

घसा

वरचे सूर छातीच्या आवाजात ओढून लावायची घाई करू नका. गायल्यावर दुखत असेल तर पद्धत चुकतेय, 'सवय होईल' हे खोटं आहे. आवाज बसला आणि दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर काढे बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मुलाचा आवाज फुटत असेल तर ते वर्ष त्याला नाचू द्या, तबला शिकू द्या.

पैसे भरून बसलात आणि आता कळलं

असे फोन जास्त येतात. बहुतेकजण एकतर मुकाट्यानं वर्ष काढतात, नाहीतर भांडून बाहेर पडतात. तिसरी वाट आहे. राहिलेल्या महिन्यांत त्या संस्थेकडे खरंच जे चांगलं आहे, तेवढंच ओरबाडून घ्या. कुठे एखादी नृत्यशिक्षिका भारी असते, कुठे नुसता आरशांचा हॉल रात्री आठपर्यंत मोकळा असतो. बाकीचं बाहेरून जोडा. एकांकिका स्पर्धांच्या मोसमात एखाद्या कॉलेजच्या ग्रुपला संगीताची बाजू सांभाळायला माणूस हवाच असतो. तिथं फुकट जा, पण वाजवायलाही बसा आणि कोरसमध्येही उभे राहा.

डोंबिवलीच्या त्या मुलीनं तेच केलं. कोर्स सोडला नाही, कारण फी परत मिळणार नव्हती. हॉल वापरला. एका मैत्रिणीचा जुना कीबोर्ड रोज लोकलच्या डब्यातून नेला-आणला. मार्चमध्ये ती पुन्हा माझ्यासमोर उभी राहिली, या वेळी नोटेशनचा कागद घेऊन, वर पेन्सिलीनं लिहिलेलं: 'इथं सा बदलतो.' मी पांढरी सहावर गेले. ती माझ्या आधी पोचली होती, अर्धी मात्रा लवकरच. ते आता तिला सांगायचंय.