एअर रायफलची ताकद आणि नेम: मोजून बघायची पद्धत

खोक्यावर छापलेला ‘सेकंदाला १००० फूट’ हा वेगाचा आकडा बहुतेक वेळा हलक्यात हलक्या छर्र्यावर काढलेला असतो. छर्र्याचं वजन माहीत नसेल तर नुसत्या वेगाला अर्थ नाही. म्हणून सुरुवात बंदुकीपासून नको, काट्यापासून करा.

मिलिग्रॅम दाखवणारा सोनाराचा काटा लागतो. विटा-आटपाडीकडे, जिथे घरटी कुणी ना कुणी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहे, तिथे तो मिळायला अडचण नाही. एका डबीतले २० छर्रे एकेक करून तोला. ०.०२ ग्रॅमपेक्षा जास्त फरक निघाला तर ती डबी चाचणीला घेऊ नका. मागची पोकळ झालर चेपलेले छर्रेही बाजूला काढा. तिथूनच हवा निसटते आणि वेग पडतो.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे छर्र्याचा वेग मोजणारं यंत्र. तो नळीच्या तोंडापासून साधारण १ मीटरवर ठेवा आणि छर्रा सेन्सरच्या बरोबर मधून जाऊ द्या. घरातल्या ट्यूबलाइट-एलईडीच्या लुकलुकण्याने उघड्या सेन्सरचे आकडे भरकटतात. सावलीतला दिवसाचा उजेड बरा. १० बार करा आणि प्रत्येक आकडा लिहून ठेवा. ऊर्जेचा हिशोब असा: वेगाचा वर्ग गुणिले छर्र्याचे ग्रॅम, भागिले २०००. म्हणजे ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरने सुटला तर १५.८ ज्यूल. त्याच छर्र्याला २७० मीटर मिळाले की १९.९ ज्यूल, म्हणजे काठावर. आपल्याकडे ४.५ मिमी नळी आणि २० ज्यूल ही परवान्याशिवायची हद्द आहे. पीसीपीवाल्यांनी (आधीच दाबाने भरलेल्या हवेवर चालणारी बंदूक) इथे सावध राहावं: छर्रा जड केला की पीसीपीची ऊर्जा सहसा वाढते. हलक्या छर्र्यावर १९ दाखवणारी बंदूक जड छर्र्यावर हद्द ओलांडू शकते.

क्रोनोग्राफ नसेल तर मोबाइल चालतो. १० मीटरवर पत्र्याचं निशाण लावा. फोन बरोबर मधोमध, ५ मीटरवर, पण रेषेपासून मीटरभर बाजूला ठेवा आणि रेकॉर्डिंग सुरू करून मागे या. बाराचा आणि पत्र्यावर आदळल्याचा, दोन्ही आवाज सारखंच अंतर कापून फोनपर्यंत येतात, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आलेखातल्या त्यांच्या दोन टोकांमधला वेळ हाच छर्र्याचा प्रवासवेळ. ०.०५ सेकंद निघाले तर सरासरी वेग २०० मीटर. नळीच्या तोंडाशी तो थोडा जास्तच असणार. मोजण्यात एक मिलिसेकंद चुकलं तर ऊर्जेत चारेक टक्के फरक पडतो, तेवढं धरून चाला.

स्प्रिंगच्या बंदुकीचे पहिले दोन-तीन बार अचानक जोरात गेले, धूर आणि जळका वास आला, तर सिलिंडरमध्ये तेल गेलंय. ते आकडे खोडा. ताकद वाढवायला म्हणून तेल सोडणारे सील आणि स्प्रिंग दोन्ही घालवून बसतात. छर्रा न भरता बार करू नका. पिस्टन सरळ आदळतो. विना-रेग्युलेटर (हवेचा दाब एकसारखा ठेवणारा भाग नसलेल्या) पीसीपीत वेग आधी चढतो, मधे सपाट होतो, मग उतरतो. प्रत्येक बाराला गेजचा दाब लिहा आणि तो सपाट टप्पा शोधा. नेमाची चाचणी फक्त त्या टप्प्यात घ्यायची.

का, ते बघा. सरासरी २०० ऐवजी १९० मीटर वेग पडला तर १० मीटरवर छर्रा जेमतेम १.३ मिलिमीटर खाली लागतो. ५० मीटरवर तोच फरक ३३ मिलिमीटर होतो. वाड्याच्या सोप्यात मारलेला सुंदर ग्रुप, म्हणजे एकाच नेमावरच्या भोकांचा पुंजका, म्हणूनच फसवतो.

नेमासाठी सकाळी लवकर, वारा उठायच्या आत बसा. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. तिथे बंदुकीची नाही, वाऱ्याची चाचणी होते. निशाणामागे जुन्या रबराच्या तुकड्यांनी गच्च भरलेली पेटी आणि तिच्या पाठीला लोखंडी पत्रा हवा. पेटीमागे मातीचा बांध असावा, रस्ता किंवा वस्ती नको. डोळ्यांवर चष्मा हवाच. द्राक्षबागेतल्या पोपटांवर ‘चाचणी’ घेणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे.

दस्त्याचे आणि दुर्बिणीचे स्क्रू आवळा. छर्रा बदलला की आधी १० बार वाया घालवा, नळीला नव्या शिशाची सवय होऊ द्या. स्प्रिंगची बंदूक वाळूच्या पिशवीवर दाबून धरू नका. पुढचा भाग उघड्या तळहातावर सैल ठेवा, तिला तिची उसळी घेऊ द्या. पाच-पाच बारांचे पाच ग्रुप मारा, वेगवेगळ्या कागदांवर. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करा आणि पाचांची सरासरी काढा. सगळ्यात लहान ग्रुपचा फोटो मित्रांना पाठवायला ठीक, वहीत सरासरीच लिहायची.

भोकं उभ्या रेषेत पसरली तर वेग बघा, आडवी पसरली तर वारा किंवा ट्रिगरवरचं बोट. दोन वेगळे पुंजके पडले तर दुर्बीण हललीय. स्प्रिंगची बंदूक पुढे-मागे दोन्हीकडे झटका देते आणि साधी दुर्बीण त्यात खिळखिळी होते. ती काढून साध्या माशीवर (नळीवरच्या उघड्या नेमावर) पाच बार मारा. पुंजका एकच झाला, तर दोष नळीचा नव्हता.