गटाची बैठक कशी घ्यावी

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातल्या आमच्या बचत गटाची मी सचिव. बैठक दुपारी 3 ला ठेवा, म्हणजे म्हशींच्या धारेच्या वेळेआधी सगळ्या मोकळ्या होतात. जाजमावर गोल करून बसा, अध्यक्षांना वेगळी खुर्ची नको. गटात 10 ते 20 जणी असतात, गोलात प्रत्येकीचं तोंड दिसतं.

पैसे मधोमध, सगळ्यांसमोर मोजा. पासबुकावर नोंद तिथल्या तिथं.

थकलेल्या हप्त्याचं मात्र जपून. पूर्वी मी नावं मोठ्यानं वाचायची. एक बाई पदर तोंडाला लावून उठून गेली, ती दोन महिने आली नाही. ते अजून मनाला लागतंय. आता जिचा हप्ता थकलाय तिच्या घरी मी बैठकीच्या आदल्या दिवशी जाते, चहा घेते, अडचण विचारते. बैठकीत ती स्वतःच सांगते, “पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते भरतो.”

कर्ज कुणाला द्यायचं, हे विचारताना सुरुवात नव्या सुनांपासून करा. थोरल्या आधी बोलल्या की पोरी नुसती मान हलवतात. मधेच कुणी तोडलं तर, “काकी, तिचं होऊ दे की,” एवढं म्हणायचं.

शेवटी ठराव मोठ्यानं वाचा, मगच सह्या आणि अंगठे घ्या.