नाशिकहून जर्मनीत येणाऱ्यांसाठी: रोमिंगचे बिल न वाढवता घरी कसे बोलावे

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून बदलीवर येणारे अभियंते असोत की ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी येणारे विद्यार्थी असोत, नाशिकहून स्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत येणाऱ्या मंडळींचा पहिल्या आठवड्यातला प्रश्न ठरलेला असतो: घरी फोन कसा करायचा आणि त्याला किती पैसे पडतात? व्हॉट्सॲपवर बोलायला वेगळे पैसे लागत नाहीत हे आता नाशिकमधल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. तरीही नव्याने आलेल्यांना रोमिंगची मोठी बिले येतात, आणि ती बहुधा बोलण्याची नसतात. फोन खिशात असताना परस्पर जे उद्योग करत राहतो, त्यांची असतात. म्हणून कोणते ॲप घ्यावे यापेक्षा फोनला काय करू द्यायचे नाही हे आधी ठरवावे, असे माझे मत आहे.

याची सुरुवात नाशिकमध्येच करावी. भारतीय सिम बंद करू नये, कारण बँकेचे, आधारचे आणि प्राप्तिकराचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत राहतात. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंगची सुविधा चालू करून घ्यावी, मात्र फोनमधील ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवावे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो. परदेशात असताना येणाऱ्या एसएमएसला भारतीय कंपन्या साधारणपणे पैसे लावत नाहीत. उचललेल्या कॉलला, केलेल्या कॉलला आणि पाठवलेल्या एसएमएसला लावतात. प्रीपेड सिमचा 90 दिवस काहीच वापर झाला नाही तर कंपनी ते बंद करू शकते. खात्यात किमान 20 रुपये असतील तर तेवढे कापून मुदत वाढवण्याची तरतूद ट्रायच्या, म्हणजे भारताच्या दूरसंचार नियामकाच्या, नियमांत आहे, पण ओटीपी विनाअडथळा यावेत असे वाटत असेल तर वैधतेचे साधे रिचार्ज चालू ठेवावे आणि ते काम घरातल्या एखाद्या भावंडाकडे सोपवावे.

निघण्यापूर्वी भारतातूनच ##002# हा क्रमांक फिरवून सर्व प्रकारचे कॉल फॉरवर्डिंग काढून टाकावे. हे बहुतेकांना सुचत नाही. फॉरवर्डिंग चालू असेल आणि तुम्ही स्टुटगार्टमध्ये एखादा कॉल उचलला नाही, तर तो कॉल आधी जर्मनीपर्यंत येतो आणि मग वळवलेल्या भारतीय क्रमांकाकडे परत जातो. न बोललेल्या त्या कॉलचे येण्याचे आणि जाण्याचे असे दोन्ही बाजूंचे पैसे लागू शकतात. आयफोनची अशीच एक खोड आहे. आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करताना तो भारतीय सिमवरून परस्पर एक आंतरराष्ट्रीय एसएमएस पाठवतो, आणि परदेशात सिम काढून-घालून झाले की तो पुन्हा पाठवू शकतो.

येथे आल्यावर पासपोर्ट दाखवून ओळख पटवल्याशिवाय सिम सुरू होत नाही. प्रीपेडलाही 2017 पासून हाच नियम आहे. ते मिळेपर्यंत एक-दोन दिवस विमानतळाच्या आणि वसतिगृहाच्या वायफायवर काढता येतात. फोन विमान मोडवर ठेवून फक्त वायफाय चालू केले की भारतीय सिमला नेटवर्क मिळत नाही आणि पैसे लागण्याचा प्रश्नच उरत नाही. जर्मन सिम घातल्यावर व्हॉट्सॲप क्रमांक बदलायचा का असे विचारते, तेव्हा नकार द्यावा. खाते भारतीय क्रमांकावरच चालू राहते आणि नात्यातल्या पन्नास जणांना नवा क्रमांक कळवण्याचा खटाटोप वाचतो. मात्र फोन बदलल्यास पडताळणीचा कोड भारतीय सिमवर येतो, हे लक्षात ठेवून दुहेरी पडताळणीचा पिन आधीच लावून ठेवावा. दोन सिमच्या फोनमध्ये ‘डेटा सिम आपोआप बदला’ अशा अर्थाची एक सोय असते, ती आवर्जून बंद करावी. तळघरात किंवा बोगद्यात जर्मन नेटवर्क गेले की फोन मोठ्या तत्परतेने भारतीय सिमकडे वळतो.

डेटा किती लागतो याची भीती बाळगण्याचे कारण नाही. आवाजाचा प्रवाह सेकंदाला 32 किलोबिट धरला तर एका दिशेने मिनिटाला 240 किलोबाइट, म्हणजे दोन्ही दिशांनी मिळून सुमारे अर्धा एमबी होतो. दहा तास बोलले तरी साधारण 300 एमबी. व्हिडिओला याच्या कितीतरी पट अधिक लागतो, तो वायफायवर करावा; व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्यायही आहे. बोलण्याचा खरा विचका डेटा कमी पडल्याने होत नाही, उशिराने होतो. एका बाजूचा आवाज दुसरीकडे पोहोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तर संभाषण सहज चालते, असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत म्हटले आहे. त्यापलीकडे उशीर वाढत गेला की दोघेही एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम गप्प होतात.

हा उशीर अनेकदा नाशिकच्या टोकाला असतो, आणि तिकडची व्यवस्था लावून देणे हेच निघण्यापूर्वीचे सर्वांत उपयोगाचे काम आहे. राउटर दिवाणखान्यात टीव्हीमागे असतो आणि आई स्वयंपाकघरातून बोलते; मध्ये दोन भिंती आल्या की आवाज तुटतो. सिडकोत किंवा इंदिरानगरमध्ये वीज गेली की राउटर बंद पडतो. पिंपळगाव, लासलगावकडच्या घरांत भारनियमन असेल तर ठरलेल्या वेळीच फोन लागत नाही. राउटरपुरता छोटा बारा व्होल्टचा यूपीएस बाजारात मिळतो, तो बसवून जावे. दुसरी अडचण अधिक फसवी असते. तुम्ही फोन करता, इकडे घंटी वाजते, पण आईचा फोन वाजतच नाही. तिने काही वेळाने फोन उघडला की मग मिस्ड कॉलची सूचना दिसते. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक अँड्रॉइड फोन मागे चालू असलेली ॲप झोपवून टाकतात, त्याचा हा परिणाम आहे. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढावेत आणि शेजारच्या खोलीतून दोन-तीनदा करून पाहावे. आईवडिलांपैकी एकाच्याच फोनमध्ये नव्हे, दोघांच्याही फोनमध्ये हे करावे. हिवाळ्यात भारत जर्मनीच्या साडेचार तास पुढे असतो आणि उन्हाळ्यात साडेतीन, त्यामुळे येथील दुपारच्या जेवणाची सुटी म्हणजे नाशिकचा चहाचा वेळ, आणि तोच सर्वांना सोयीचा पडतो.

आता प्रवासाविषयी. युरोपीय संघातील देश, तसेच नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनश्टाइन येथे जर्मन सिम 15 जून 2017 पासून घरच्याच दरात चालते, आणि ही सवलत 2032 पर्यंत वाढवलेली आहे. यात दोन खाचा आहेत. पहिली म्हणजे, सवलत रोमिंगची आहे. फ्रान्समध्ये फिरताना तुम्ही नाशिकला साधा कॉल लावला तर तो भारताच्या महागड्या दराने मोजला जातो. तेव्हा तेथेही इंटरनेटवरूनच बोलावे. दुसरी खाच स्वित्झर्लंडची, आणि स्टुटगार्टकरांना ती हमखास भेटते. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत नाही. काही जर्मन प्लॅनमध्ये त्याचा समावेश असतो, काहींत नसतो. कोन्स्टान्झला सरोवराच्या काठी तुम्ही जर्मनीतच उभे असता, पण फोन पलीकडच्या क्रॉइझलिंगनचे स्विस नेटवर्क पकडतो, आणि त्याच वेळी पार्श्वभूमीत छायाचित्रे क्लाउडवर चढू लागतात. परदेशी डेटासाठी साधारण 50 युरोंची मर्यादा आपोआप लागू असते, पण तेवढे तरी का जाऊ द्यावेत? सीमेजवळ जाताना नेटवर्कची निवड स्वयंचलित न ठेवता जर्मन कंपनी हाताने निवडावी, किंवा डेटा रोमिंग बंद करावे. स्वित्झर्लंडमधील शाफहाउझनचा ऱ्हाइन धबधबा पाहायला जाणाऱ्यांनी नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

विमानातील आणि जहाजावरील मोबाइल नेटवर्क उपग्रहावरून चालते आणि ते कोणत्याच सवलतीत बसत नाही. विमान मोड लावायचा तो एवढ्यासाठीही. सुटीत घरी जाताना दुबई किंवा अबुधाबीला विमान बदलणार असाल, तर तेथे व्हॉट्सॲपचे कॉल लागत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत इंटरनेट कॉलिंगवर सरकारी नियंत्रण आहे आणि बोटिमसारखी परवानगी मिळालेली ॲपच चालतात. लिखित संदेश मात्र जातात. व्हीपीएन लावून पळवाट काढण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानू नये. तेथील सायबर कायद्यात व्हीपीएनच्या गैरवापराला फार जबर दंड आहे. कसाऱ्यापर्यंत न्यायला येणाऱ्या काकांना विमानाची वेळ आधीच लिहून पाठवली की विमानतळावरून बोलण्याची गरजच पडत नाही.

उरते ते साध्या फोनवर बोलणे. ज्या आजीकडे अजून लँडलाइनच आहे तिच्याशी, किंवा बँकेशी, व्हॉट्सॲपवरून बोलता येत नाही. यासाठी पूर्वी सगळे स्काइप वापरत, पण ते 5 मे 2025 रोजी बंद झाले. व्हायबर आउट किंवा रेबटेल यांसारख्या सेवांत थोडे पैसे भरून ठेवले की भारतातील कोणत्याही क्रमांकावर बोलता येते. नाशिकच्या लँडलाइनसाठी शून्य गाळून +91 253 आणि पुढे क्रमांक लावायचा. मात्र अशा कॉलवर पलीकडे भलताच क्रमांक दिसू शकतो, आणि फसवणुकीच्या इतक्या बातम्या ऐकल्यावर घरचे लोक तो उचलत नाहीत, ते बरोबरच आहे. आधी संदेश टाकून मग फोन करावा. बँकांचे 1800 ने सुरू होणारे टोल फ्री क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत. अनिवासी ग्राहकांसाठीचा वेगळा क्रमांक बँकेच्या संकेतस्थळावरून आधीच उतरवून घ्यावा.

आणीबाणीत यातले कोणतेच ॲप उपयोगाचे नाही. जर्मनीत 112 लावण्यासाठी फोनमध्ये चालू सिम असावे लागते, म्हणून नुसत्या वायफायवर दिवस काढणाऱ्यांनी सिम घेण्यात चालढकल करू नये. नाशिकमध्ये आईवडिलांना काही झाले तर येथून 112 लावून नाशिकची मदत मिळत नाही, तो कॉल जर्मन यंत्रणेकडेच जातो. त्यासाठी जवळच्या रुग्णालयाचा, फॅमिली डॉक्टरांचा आणि शेजारच्या दोन घरांचे क्रमांक +91 लावून फोनमध्ये, तसेच एका कागदावर लिहून ठेवावेत, आणि त्यातल्या किमान एका शेजाऱ्याला व्हॉट्सॲपवर आपला क्रमांक देऊन यावे.