इंग्रजी शब्दाची जात ओळखायची कशी?

'राउंड' हा शब्द कोणत्या जातीचा? या प्रश्नाला उत्तरच नाही. 'अ राउंड टेबल'मध्ये तो विशेषण आहे, 'द फर्स्ट राउंड'मध्ये नाम आणि 'वी राउंडेड द कॉर्नर'मध्ये क्रियापद. म्हणून सुटा शब्द घेऊन जात ठरवायला बसू नका, आणि याद्यांचं पाठांतर आजच थांबवा. शब्द ज्या वाक्यात आला ते अख्खं वाक्य समोर ठेवा.

आधी क्रियापद शोधा. वाक्याचा काळ बदला. जो शब्द बदलेल ते क्रियापद. 'दे वॉटर द प्लांट्स' भूतकाळात नेलं की 'वॉटर'चं 'वॉटर्ड' होतं, 'प्लांट्स' तसाच राहतो. 'कट', 'पुट' अशी क्रियापदं भूतकाळातही बदलत नाहीत. तिथे आधी 'विल' लावून पाहा.

मग नाम. 'माय' लावून तिथेच थांबता आलं तर नाम: 'माय बॅक'. सर्वनामं मोजकीच आहेत, ती लगेच कळतात.

आता खरी अडचण: आयएनजी लागलेले शब्द. 'इज'नंतर आयएनजी आलं की क्रियापद, हा सर्रास दिला जाणारा सल्ला चुकीचा आहे. ही तीन वाक्यं पाहा: 'ही इज रनिंग', 'हिज हॉबी इज रनिंग', 'द मूव्ही इज बोरिंग'. पहिल्यात तो धावतो आहे, म्हणून क्रियापद. दुसऱ्यात छंद धावत नाही. धावणं हाच छंद आहे, म्हणून नाम. तिसऱ्यात 'व्हेरी बोरिंग' म्हणता येतं, म्हणून विशेषण. पण 'ही इज बोरिंग मी' म्हटलं की पुढे कर्म आलं, आणि तोच शब्द क्रियापद झाला.

नामाआधी आयएनजी आलं तर एकच विचारा: ही क्रिया ते नाम स्वतः करतं का? 'स्लीपिंग बेबी'मधलं बाळ झोपलेलं आहे, म्हणून विशेषण. 'स्लीपिंग बॅग'मधली बॅग झोपत नाही, ती झोपण्यासाठी असते. इथे 'स्लीपिंग' नामासारखं वापरलंय. मराठीत 'पोहणं', 'पोहतोय', 'पोहणारा' अशी वेगवेगळी रूपं होतात, त्यामुळे इथे भाषांतर उपयोगी पडतं.

मात्र सगळीकडे भाषांतरावर विसंबू नका. 'आय ॲम हंग्री' म्हणजे 'मला भूक लागली आहे'. मराठीत 'भूक' नाम आहे, म्हणून 'हंग्री'ला नाम ठरवलं की फसलात. ते विशेषण आहे. 'अफ्रेड' आणि 'भीती' यांचंही तेच.

शेवटी एलवाय दिसलं की क्रियाविशेषण, हा नियमही अर्धवट आहे. 'फ्रेंडली', 'लव्हली' ही विशेषणं आहेत, आणि 'ही रन्स फास्ट'मधलं 'फास्ट' एलवाय नसतानाही क्रियाविशेषण. 'ही वर्क्स हार्ड'ला एलवाय जोडून 'हार्डली' करू नका. त्याचा अर्थ 'जेमतेम' होतो.

उरली अव्ययं. इथे शब्दाच्या पुढे काय येतं ते पाहा. 'आफ्टर लंच'मध्ये पुढे फक्त नाम, म्हणून शब्दयोगी अव्यय. 'आफ्टर ही लेफ्ट'मध्ये पुढे कर्ता आणि क्रियापद, म्हणून उभयान्वयी. 'ही लेफ्ट सून आफ्टर'मध्ये पुढे काहीच नाही, म्हणून क्रियाविशेषण. 'बिफोर' आणि 'सिन्स' यांनाही हीच कसोटी लावा.